कोरड्यास काय?

सातारा-सांगलीकडच्या घरांत तिन्हीसांजेला एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'आज कोरड्यास काय?' पुण्यामुंबईच्या वाचकाला शब्द अडेल, म्हणून फोड करून सांगतो. भाकरी कोरडी असते. ती घशाखाली उतरायला सोबत काहीतरी लागतं. ते जे काहीतरी, ते कोरड्यास. ती आमटी असेल, पालेभाजी असेल, पिठलं असेल, नाहीतर तव्यावर रगडलेली मिरची. म्हणजे बिचाऱ्या पदार्थाला स्वतःचं नावसुद्धा नाही. 'कोरड्याला' एवढीच त्याची ओळख. व्याकरणात ही चतुर्थी आणि घरखर्चात महिनाअखेर. पण प्रश्नात भाकरीची चौकशी नाही, हे ध्यानात घ्या. भाकरी असणारच, हे गृहीत. विचारणाऱ्याला उत्सुकता आहे ती तिच्या जोडीदाराची, आणि माझं म्हणणं असं, की कमी पैशांत चांगलं खाण्याची सगळी विद्या या जोडीदारातच साठलेली आहे. भाकरीत काटकसर करता येत नाही. अर्धी कमी केली की रात्री अकरा वाजता पोट हिशेब मागायला उठतं. काटकसर, कल्पकता आणि थोडी लबाडी चालते ती कोरड्यासात. असं असूनही गरिबाच्या ताटाचा विचार ज्या ज्या शहाण्यांनी केला, त्यांनी भाकऱ्या मोजल्या आणि कोरड्यास घरच्या बाईवर सोडून दिलं.

सातारा आणि सांगली हे तसे एकाच ताटातले. 1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं सांगली झालं. नाव बदललं, कालवण तेच राहिलं. या मुलखात पिकत नाही असं काय आहे? सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्याला आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे. आता ही यादी हातात घेऊन एखाद्या शेतमजुराच्या ताटात डोकावा. हळद चिमूटभर सापडेल. बेदाणा सापडला तर घरात कुणीतरी बाळंतीण आहे किंवा सत्यनारायण आहे. घेवडा राजमा होऊन उत्तरेकडे गेलेला असतो आणि स्ट्रॉबेरी खायला गावात मुंबईचे लोक येतात. दुभतं जनावर दारात असलं तरी दूध पहाटेच डेअरीला जातं. तिथे त्याची फॅट लागते, घरी चहा लागतो, आणि तो पुष्कळदा कोराच असतो. थोडक्यात, जे विकलं जातं ते पिकवायचं आणि जे विकलं जात नाही ते खायचं. मानांकन न मिळालेल्या मालाची ही दुसरी यादी मात्र फार चविष्ट आहे: हुलगा, मटकी, अंबाडी, चिघळ, तांदुळजा, पाथरी, करडईची कोवळी भाजी, कारळं, जवस. हरभऱ्याच्या भाजीचं तर कौतुकच करायला हवं. कोवळ्या रोपाचे शेंडे खुडले की रोपाला जास्त फुटवे येतात, म्हणजे भाजी खाल्ल्याने पीक वाढतं. खाल्ल्याने वाढणारी दुसरी गोष्ट या देशात फक्त राजकारणात सापडते. उरलेली भाजी सावलीत वाळवून मडक्यात भरली की उन्हाळ्यात, मंडईत मेथीची पेंडी बघूनच परत ठेवावी लागते त्या दिवसांत, तीच मदतीला येते.

या विद्येचा गाभा बघायचा तर खर्डा बघावा. शेवटची भाकरी उतरली की तवा तापलेलाच असतो आणि खाली निखाराही असतो. ही ऊब फुकट घालवणं म्हणजे पाप. त्यावर तेलाचे चार थेंब, देठ काढलेल्या हिरव्या मिरच्या, सोललेल्या-न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, मूठभर शेंगदाणे. मिरचीवर पांढरे फोड उठले, घरभर ठसका सुटला आणि शेजारच्या घरातून खोकला ऐकू आला की खडं मीठ टाकायचं आणि तांब्याच्या बुडाने सगळं तव्यातच रगडायचं. बारीक करायचं नाही; दाताला शेंगदाणा लागला पाहिजे. खलबत्ता नको, मिक्सर नको, वीज नको, वेगळं भांडं घासायला नको. आता यातलं अर्थशास्त्र बघा. तिखट हे या स्वयंपाकघरातलं रेशनिंग खातं आहे. भाजी गुळमट केली की माणूस वाटीवर वाटी ओढतो. खर्डा मात्र सुपारीएवढा घेतला तरी दोन भाकऱ्या पार होतात, आणि तिसऱ्यांदा मागायची कुणाची छाती होत नाही. सांगलीच्या भडंगातही हीच युक्ती. चुरमुरे म्हणजे मुख्यतः हवा. पण त्या हवेला लसूण-मिरचीची अशी फोडणी देतात, की पाहुणा पोतंभर खाल्ल्याच्या समाधानात घोटभर पाणी मागतो. आमटीचा हिशेब उलटा. ती तिखट असते, पण तिचा खरा गुण लवचीकपणा. दारात अचानक दोन पाहुणे उभे राहिले तर भाकरी वाढवायला पीठ लागतं, आमटी वाढवायला तांब्या पुरतो. पुरणपोळीच्या दिवशी डाळ शिजवून उरलेलं पाणी फेकून द्यायचं सोडून त्याची येळवणी करणारी आणि ती पोळीपेक्षा जास्त गाजवणारी माणसं ही. कोंड्याचा मांडा करणं ही म्हण दुसरीकडे अलंकारिक असेल, इथे ती कृती आहे.

आता भाकरी मोजणाऱ्यांकडे वळू. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला 2250 कॅलरी मिळाव्यात, आणि तेवढ्या मिळण्याइतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, अशी त्यांची कसोटी होती. 1960-61 च्या किमतींना खेड्यात माणशी महिना साधारण 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. पुढे सरकारी समितीने खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 कॅलरी ठरवल्या. खेड्यातला माणूस जास्त राबतो हे एकदाचं कागदावर आलं. या 2250 चं शाळूच्या पिठात भाषांतर केलं तर साधारण साडेसहाशे ग्रॅम होतं, म्हणजे बऱ्यापैकी सात-आठ भाकऱ्या. म्हणजे दारिद्र्यरेषा ही खरं तर सातव्या भाकरीपाशी मारलेली रेघ. त्या सात भाकऱ्या कशाशी खायच्या? दांडेकर-रथांना दोष देता येणार नाही. लोक आपल्या खर्चात भाजी-मीठ-मिरचीही घेत असतात, ते त्यांनी खर्चाच्या आकड्यात धरलंच होतं. पण पुढे जो तो आकडा घेऊन पळाला तो कॅलरीचा. कॅलरीच्या दरबारात खर्ड्याला किंमत शून्य. हिरव्या मिरचीतून कसली आलीय ऊर्जा? मिळते ती भाकरी संपवायची ऊर्जा.

सरकारचंही तसंच. 1972 च्या दुष्काळात माण, खटाव, जत, आटपाडीच्या लोकांनी अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि खडी फोडता फोडता सुकडी खाल्ली; पोटं जगली, पण मिलोशी काय खायचं हे ज्याचं त्याने बघितलं. आज अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही फुकट. उत्तम गोष्ट आहे, हिला नावं ठेवील त्याच्या तोंडात मिलो पडो. पण 5 किलोला 30 ने भागा: दिवसाला 167 ग्रॅम, म्हणजे दोन भाकऱ्यांचा ऐवज. सातातल्या दोन सरकारच्या. उरलेल्या पाच आणि सातही भाकऱ्यांचं कोरड्यास घरधन्याचं. 2022 च्या दिवाळीपासून शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' निघाला, त्यात हरभराडाळ आणि तेल होतं. पण आनंद हा सणासुदीलाच व्हायचा असतो, हे नावातच आलं. 2020 च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्यात वाटीभर भाजी आणि वाटीभर वरण होतं, हे मान्य. पण चपात्या दोन आणि प्रत्येकी 30 ग्रॅमच्या. जतच्या माणसापुढे 30 ग्रॅमची चपाती ठेवली तर तो तिला पापड समजून बाजूला ठेवील आणि चपातीची वाट बघत बसेल. माझ्या मते या सगळ्यांत खरी दूरदृष्टी दिसली ती 1995 च्या एक रुपयाच्या झुणका-भाकरीत. महाराष्ट्राच्या इतिहासातली ही एकच योजना, जिच्या नावात कोरड्यास होतं, आणि तेही भाकरीच्या आधी. पुढे बऱ्याच केंद्रांवर झुणका आणि भाकर सोडून बाकी सगळं मिळायला लागलं, तो भाग वेगळा.

इथे एक शिकलेला आक्षेप येतो: हे सगळं जिभेचे चोचले झाले, खर्ड्यात आणि पातळ आमटीत प्रथिनं कुठे आहेत? या प्रश्नाचं उत्तर द्यायला खटाव तालुक्यातल्या बुध गावचाच माणूस जागतिक पातळीवर उभा राहिला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, संख्याशास्त्रज्ञ, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. साठच्या दशकात जगभर 'प्रथिनांची दरी' या शब्दाने हाहाकार माजवला होता; गरीब देशांना प्रथिनांची पावडर, प्रथिनांची बिस्किटं, प्रथिनांचं आणखी काय काय पाठवायचे बेत चालले होते. सुखात्म्यांचं सांगणं साधं होतं: धान्य आणि डाळ एकत्र खाणाऱ्याला पोटभर जेवण मिळालं तर प्रथिनं बहुतेक आपोआप मिळतात, कमी पडतंय ते जेवण. पोटभर नसेल तर खाल्लेली प्रथिनंही शरीर सरपण म्हणून जाळून टाकतं. बुधच्या आसपास कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं, फक्त त्याला रोमला कुणी बोलावलं नसतं. हुलग्याचंच घ्या. शंभर ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम प्रथिनं, पाऊस रुसला तरी उगवतो, खताचा पैसा मागत नाही. इंग्रजांनी त्याला घोड्याचं नाव दिलं, आपण तो बैलाला भरडून घातला आणि स्वतः थोडा संकोचून खाल्ला. त्याच्या पिठाचं लसूण-जिऱ्याचं माडगं थंडीत प्यावं, नाहीतर पिठाची वेटोळी वळून तिखट पाण्यात शिजवलेले शेंगोळे खावेत. जोडीला मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी. हे ताट शहरात कुणी 'हाय प्रोटीन' म्हणून विकायला काढलं तर त्याला डबल भाव येईल. ही कल्पना मी जाहीरपणे मांडू नये असं वाटत होतं, पण लेख लिहायला लागलं की राहवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो झटकून चालणार नाही. भरल्या पोटाने गरिबाच्या चटणी-भाकरीचं कौतुक करणं ही आपल्याकडची जुनी खोड. शेतावर हुरडा खाऊन, ठेचा मोबाइलात टिपून, गाडीत बसून परत जाणाऱ्याला ती चव लागते, कारण उद्या त्याला ती सक्तीने खायची नसते. गंमत अशी की हाही वाद बुधच्या त्याच माणसापाशी येऊन थांबतो. सुखात्म्यांनी पुढे मांडलं की एकाच माणसाचं खाणं दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होतं आणि तरी वजन व काम टिकतं. शरीर मिळेल त्या अन्नाचा वापर काही मर्यादेत सांभाळून घेतं. म्हणून सरासरी गरजेच्या खाली गेलेला प्रत्येकजण उपाशी धरू नका, रेघ बरीच खाली मारा. दांडेकरांना हे पटलं नाही. 1981 च्या सुमारास दोघांत जी छापील खडाजंगी झाली तिच्यात समीकरणं पुष्कळ होती, पण मुद्दा चुलीपाशी समजण्यासारखा होता: आमटीत तांब्या ओतता येतो म्हणून किती तांबे ओतायचे? माणूस सांभाळून घेतो हे खरं. पण सांभाळून घेता घेता तो खंगला, त्याचं पोर खुजं राहिलं, तर त्याला 'जुळवून घेतलं' म्हणायचं का? मी या बाबतीत दांडेकरांच्या पंगतीत बसतो. मात्र सुखात्म्यांचा दुसरा एक मुद्दा सोबत घेऊन: खाल्लेलं अंगी लागायचं तर पाणी स्वच्छ हवं, नाहीतर जुलाबात सगळी कमाई वाहून जाते. कोरड्यासाच्या खर्चात दवाखान्याचा खर्च कुणी धरत नाही, पण तो तिथूनच निघतो.

आणि जुळवून घेतं कोण, हे पंगत संपल्यावर कळतं. स्वस्त आणि चांगलं कोरड्यास स्वस्त असतं कारण त्यात एका माणसाची मजुरी शून्य धरलेली असते. हरभऱ्याची भाजी खुडायला तास जातो, पाथरी शोधायला बांध पालथे घालावे लागतात, मटकीला मोड काढायला दोन दिवस आधी आठवण ठेवावी लागते, बाजार उठताना वाट्याचा भाव पडतो तो गाठायला उशिरापर्यंत थांबावं लागतं. हे सगळं करणारी शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात आमटीचा तळ असतो आणि ती म्हणते, मला तिखटच आवडतं. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली, हा महाराष्ट्राच्या अभिमानाचा इतिहास आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्या पंगतीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक करत दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. संस्थेच्या जमाखर्चात धान्य किती आलं ते लिहिलेलं असेल. कोरड्यास कुठून आलं ते लक्ष्मीबाईंच्या मोकळ्या गळ्यावर लिहिलेलं होतं.

तिसरा आक्षेप तरुण पिढीचा: आता हे खातो कोण? दहा रुपयांचा बिस्किटपुडा आणि मसालावाली शेवयांची पुडी पाच मिनिटांत पोराला गप्प करते. खरं आहे, पण तिथे खर्च भुकेवर होत नाही, इभ्रतीवर होतो. पाहुणा आला की घरात चांगली शेंगदाण्याची चटणी असूनही फरसाण आणायला पोरगं पिटाळलं जातं. चटणी पुढे ठेवणं म्हणजे गरिबी पुढे ठेवणं. इभ्रतीचा हा खर्च जुना आहे. 1943 नंतर या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं, त्यांनी इंग्रजांच्या जोडीला लग्नाच्या जेवणावळींशीही लढा दिला आणि कमी खर्चाची गांधी लग्नं लावली. इंग्रज गेले. जेवणावळी जिंकल्या. पण इभ्रतीची चाल मोठी विचित्र. इस्लामपूर-कराडच्या बाजूला रस्त्याकडेच्या धाब्यांवर रविवारी मोटारी लागतात त्या अख्ख्या मसुरासाठी. हा तोच मसूर, जो घरी केला तर पोरं 'परत मसूरच?' म्हणून ताट ढकलतात. कांदा-लसणाची फोडणी, वर तेलाचा तवंग, बाजूला पाण्यात भिजवलेल्या कांद्याच्या फोडी, आणि अख्खं कुटुंब बोटं चाटतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यातली कोंबडीसुद्धा काढून टाकली, तरी धंदा जोरात. भाकरीचंही तेच झालं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, सरकारने ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' म्हटलं, आणि नावामागे श्री लागल्यावर भाव चढणं ओघानेच आलं. शाळू गव्हाच्या पुढे गेला. आता रेशनचा गहू मिळतो म्हणून मजूर चपाती खातो, आणि ज्याला साखरेचा आजार झालाय तो बागायतदार डॉक्टरच्या चिठ्ठीवर भाकरी खातो. आजोबांनी ज्या कारणासाठी लाजून खाल्ली, त्याच कारणासाठी नातू हॉटेलात पैसे मोजून मागतो. चुलीवरची हवी, असंही वर बजावतो.

एवढं होऊनही जत्रेच्या दिवशी या मुलखाचं मूळ शास्त्र उघडं पडतं. बकरं एक, खाणारी माणसं साठ, आणि कुणी उपाशी उठत नाही. वाढपी पातेलं हलवत फिरतो, प्रत्येकाच्या ताटलीत मोजून दोन फोडी टाकतो आणि मग रश्श्याची बादली येते. ती बादली संपत नाही, संपायची सोय तिच्यात नसते. आत आचारी उकळतं पाणी आणि मूठभर चटणी घेऊन तयारच असतो. फोडींबद्दल कुणी तक्रार करत नाही. कपाळावर घाम, नाकातून पाणी, आणि भाकरी कुस्करत कुस्करत प्रत्येकजण बादलीवाल्याला हाक मारतो: 'अरं, हिकडं वाढ की, कोरडंच हाय!'